आजोबांच्या इम्पालात ३५० इंजिन बसवतोय, मागे १९६४ चीच पॉवरग्लाईड ठेवावी का?

राजेंद्रनगरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सविस्तर सांगितल्याशिवाय सल्ला नीट मिळणार नाही.

आमच्याकडे १९६४ ची शेवरले इम्पाला आहे. आजोबांनी ती स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात घेतली होती. मूळचं २८३ घनइंची व्ही-८ आणि त्यामागे दोन गिअरची पॉवरग्लाईड ऑटोमॅटिक. पुढे पेट्रोल परवडेना म्हणून काकांनी इंजिन काढून डिझेल टाकलं, त्याच्याच मॅन्युअल गिअरबॉक्ससकट. त्या काळात कितीतरी मोठ्या अमेरिकन गाड्यांचं हेच झालं. पण काकांनी पॉवरग्लाईड भंगारात दिली नाही, हे त्यांचे उपकार. लोकमान्य नगरच्या जुन्या घरात जिन्याखाली ती गोणपाटात गुंडाळलेली राहिली. २८३ चा ब्लॉक मात्र तडकलेला निघाला.

आता गाडी परत पेट्रोलवर आणतोय. मोडीत निघालेल्या एका गाडीचं १९७८ चं ३५० म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन मिळालं. बोअर ३० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) वाढवला, फोर बॅरल कार्ब्युरेटर, नवे पिस्टन आणि कॅमशाफ्ट बऱ्यापैकी तिखट. इंजिनवाल्यांच्या अंदाजाने ३३० अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क असेल. जुनं २८३ कागदावर १९५ अश्वशक्तीचं आणि साधारण ३८५ न्यूटन-मीटरचं, तेही त्या काळच्या 'ग्रॉस' मोजणीने. म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

भाऊ म्हणतो आधुनिक गिअरबॉक्स टाक. मला स्टिअरिंगखालच्या काट्यावरची पी-आर-एन-डी-एल (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो) ही पाच अक्षरं तशीच हवी आहेत. आजोबांच्या मांडीवर बसून मी अक्षरओळख त्यावरच केली. पण हट्टापायी साठ वर्षांची वस्तू फोडायचीही नाही. काय करू?

स्पॅनर१२ (पुणे)

भावना समजतात, पण दोन गिअर म्हणजे दोनच गिअर. चार गिअरची ७००आर४ ऑटोमॅटिक बघा. पहिला ३.०६, चौथा ०.७०. तुमचं डिफरन्शियल ३.३६ चं असेल आणि टायर साधारण २७ इंची, तर ताशी १०० ला पॉवरग्लाईडवर इंजिन २६०० आरपीएमला फिरणार, ७००आर४ वर १८०० ला. पेट्रोलचा भाव बघता हा फरक लहान नाही. उठावही कुठल्या कुठे जाईल.

मिशिगनहून

मी मूळचा इंदूरच्या पलासियाचा. इथे गिअरबॉक्सच्याच कामात बरीच वर्षं गेली, म्हणून लिहितो.

७००आर४ चांगली आहे, पण ती एका केबलवर जगते. कार्ब्युरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी टीव्ही केबल, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्हची, नुसती गिअर कधी पडायचा एवढंच ठरवत नाही, आतलं ऑइल प्रेशरही तीच ठरवते. वेगळा कार्ब्युरेटर लावला आणि केबलची ओढ थोडी कमी पडली, की क्लच कमी दाबावर घसरतात आणि थोड्याच दिवसांत जळतात. चालवणाऱ्याला वाटतं गिअर किती मऊ पडतोय! शिवाय ती पॉवरग्लाईडपेक्षा सुमारे तीन इंच लांब. १९६४ च्या इम्पालाची चेसी 'एक्स' आकाराची, मधला बोगदा अरुंद आणि प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये बेअरिंग. म्हणजे कापाकापी आली.

बदलायचीच असेल तर टीएच३५०. ती १९६९ मध्ये आली, तीन गिअर: २.५२, १.५२, १.००. छोट्या शेपटीची घेतली तर लांबी जवळजवळ पॉवरग्लाईडइतकीच आणि मागच्या शाफ्टला दातही तेच २७. फक्त तुमच्या पाच अक्षरांत सहावं घर वाढेल.

आता 'जुनी' या शब्दाबद्दल. टीएच४०० ही ऑटोमॅटिक १९६४ ची, म्हणजे तुमच्या गाडीच्याच वयाची. तीच पुढे रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमागे लागली, जॅग्वारच्या व्ही-१२ मागे लागली आणि १९७६ मध्ये फेरारी ४०० च्या व्ही-१२ मागेही. या कंपन्यांना स्वतःची ऑटोमॅटिक बनवण्यापेक्षा तीच घेणं शहाणपणाचं वाटलं. तेव्हा वयावरून कमकुवत ठरवू नका.

घाटवळण

यूट्यूबवर ड्रॅग रेसमध्ये हजार-हजार अश्वशक्तीच्या गाड्या पॉवरग्लाईड वापरताना दिसतात. मग ३३० चं काय घेऊन बसलात? डोळे मिटून लावा.

मिशिगनहून

घाटवळण, रेसवाले ती वापरतात ते वेगळ्या कारणांसाठी. हलकी आहे, फिरणारे भाग कमी म्हणून ताकद कमी खाते आणि पाव मैलात एकदाच गिअर बदलतो. पण त्यांच्या पॉवरग्लाईडमध्ये १९६४ चं उरतं काय? शाफ्ट, ड्रम, गिअर, काही वेळा बाहेरची केससुद्धा नव्याने बनवलेली. शिवाय ती काही सेकंद पळते आणि थंड होते. यांना गाडी भर उन्हात ओंकारेश्वरला न्यायची आहे.

पीथमपूरचे काका

राजेंद्रनगरकर, धागा वाचून राहवलं नाही. माझी नोकरी पीथमपूरला हिंदुस्तान मोटर्सच्या इंजिन-गिअरबॉक्स कारखान्यात झाली. काँटेसाचं इसुझू इंजिन आम्ही तिथेच बनवायचो. ऑटोमॅटिक आमच्याकडे नव्हती, पण टॉर्क आणि उष्णता यांचं गणित सगळीकडे एकच.

तुम्ही विचारताय, गिअरबॉक्स ताकद सोसेल का? मी विचारतो, ती उष्णता सोसेल का?

समजावून सांगतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे ऑइलमधून ताकद पुढे देणारा डबा. इंजिनकडची पाती ऑइल फेकतात, गिअरबॉक्सकडची पाती त्या माराने फिरतात. गाडी उभी असताना तो टॉर्क जवळजवळ दुप्पट करून देतो, म्हणूनच दोन गिअरची गाडीसुद्धा जागची उठते. पण दोन्हीकडच्या वेगात जितका फरक, तितकी ताकद ऑइल तापवण्यात जाते.

आता तुमची गाडी भेरूघाटात आणा. वळणं, पुढे ट्रक, वेग ४०. 'डी'वर वरचा गिअर पडलेला आहे. त्या वेगाला गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतोय जेमतेम १०४० आरपीएमला. चढ ओढायला इंजिन मात्र १८००-१९०० ला गेलंय. मधला सगळा फरक ऑइलमध्ये उकळतोय! तीन-चार गिअरच्या गाडीत अशा वेळी मधला गिअर असतो. तुमच्या गाडीत तो मधला गिअर म्हणजे कन्व्हर्टरच, आणि त्याचं भाडं उष्णतेत भरावं लागतं.

त्याच जागी हाताने 'एल' लावला, तर ४० लाच शाफ्ट १.८२ पट म्हणजे १९०० च्या जवळ फिरतो. फरक जवळपास मिटतो. इंजिनचा आवाज वाढेल, पोटात गोळा येईल, पण ऑइल वाचेल. ६० पर्यंत गेलात तरी इंजिन २८५० च्या आतच राहतं, या इंजिनाला ते काहीच नाही. उतारावरही 'एल' ठेवला तर ब्रेक वाचतात.

ऑइलचा मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा: ८० अंश सेल्सियसपर्यंत ठीक, त्यापुढे दर ११ अंशांना आयुष्य निम्मं. ११५ च्या पुढे ऑइलचं वार्निश होऊन व्हॉल्व्ह चिकटायला लागतात, १४५ ला क्लच घसरायला लागतात. तुमचा मूळचा कूलर रेडिएटरच्या तळटाकीत आहे. त्यातलं पाणीच ९० चं, मग ऑइल त्याखाली कसं जाणार? इंदूरच्या मेमध्ये बाहेरची हवा ४० च्या वर. रेडिएटरनंतर पुढे वेगळा ऑइल कूलर लावा आणि डॅशबोर्डखाली तापमानाचा काटा. काट्यावाचून हे काम करू नका.

नियमाचं_बोला

मध्येच विचारतो. कलम ५२ चं काय केलंत? मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गाडीत बदल करायचा तर आधी परवानगीचं बघावं लागतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट सांगितलंय. गाडी बनवून मग आरटीओत जाऊ नका.

राजेंद्रनगरकर

बरोबर बोललात. इंजिन विकत घ्यायच्या आधीच अर्ज दिला होता, क्षमता आणि अश्वशक्तीसकट. आधीच्या डिझेलची नोंद आरसीवर होतीच. लेखी परवानगी हातात आल्यावरच पैसे मोजले, तपासणीनंतर नवा नंबर आरसीवर चढेल. हे प्रत्येक प्रकरणात अधिकाऱ्यावर असतं, त्यामुळे माझं उदाहरण कुणी नियम समजू नये.

काका, तुमचा प्रतिसाद मी छापून गॅरेजच्या भिंतीला लावलाय.

वडोदरा_व्हिंटेज

आमच्याकडे बडोद्याला १९६६ ची शेवरले आहे, पॉवरग्लाईडचीच. माझं झालेलं नुकसान सांगते, तुमचं होऊ नये म्हणून.

कन्व्हर्टर बसवताना तो पंपाच्या दातांत पूर्ण आत जायला हवा. फिरवत-दाबत नेला की 'टक', 'टक' असे टप्पे हाताला कळतात. नीट बसला असेल तर गिअरबॉक्स इंजिनला टेकल्यावरही कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या क्रँकला लावलेली चकती) यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर फट उरते, मग कन्व्हर्टर तेवढा पुढे ओढून बोल्ट लावायचे. आमच्या गॅरेजवाल्याकडे तो शेवटचा टप्पा राहिला होता. गिअरबॉक्स इंजिनला टेकेना, तर त्याने पान्याने बोल्ट आवळून खेचली. गाडी सुरू केली, करकर आवाज आला, मिनिटभरात पंप फुटला. बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, पहिली चक्कर मारायला. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पुढचे सात महिने गाडी तशीच उभी. हाताने जोडताना जी टेकत नाही, ती बोल्टने कधीही ओढू देऊ नका, मिस्त्री कितीही अनुभवी असू दे.

दुसरं, तुमच्या 'तिखट' कॅमबद्दल. आयडलला व्हॅक्यूम किती येतो? पॉवरग्लाईडच्या बाजूला जो डबीसारखा मॉड्युलेटर आहे, तो इंजिनच्या व्हॅक्यूमवरून ठरवतो की गाडीवर भार किती. व्हॅक्यूम कमी म्हणजे भार जास्त, म्हणून तो प्रेशर वाढवतो. तिखट कॅम आयडललाच कमी व्हॅक्यूम देतो, मग सिग्नलला उभं असतानाही गिअरबॉक्सला वाटतं आपण घाट चढतोय.

राजेंद्रनगरकर

वडोदराताई, मोजलं. पाऱ्याचे ११ इंच. इंजिन सध्या स्टँडवर आहे.

वडोदरा_व्हिंटेज

११ फारच कमी. साध्या कॅमला १७-१८ यायला हवा. 'डी'त टाकताच धक्का बसेल. मॉड्युलेटर जुळवून थोडं निभेल, पण मूळ कन्व्हर्टरशी या कॅमचं पटणार नाही. आयडल ९००-१००० ठेवावं लागेल आणि गाडी ब्रेकवरसुद्धा पुढे ढकलत राहील. मग चढ्या स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, कन्व्हर्टर घ्यावा लागेल, म्हणजे घसरण जास्त, म्हणजे पुन्हा काकांची उष्णता. मी असते तर कॅम बदलला असता.

पीथमपूरचे काका

ताईंशी शंभर टक्के सहमत. गिअरबॉक्स इंजिनाला साजेशी करण्यात सगळे पैसे घालतात. इंजिन गिअरबॉक्सला साजेसं करायला एक कॅमशाफ्ट पुरतो.

काँटेसावाला

माझ्या काँटेसात टोयोटाचं सहा सिलिंडर टर्बो टाकायचा विचार आहे, मागे चार गिअरची ए३४०ई. ती चालेल का?

मिशिगनहून

ती सुप्राच्या २जेझेड-जीटीईमागे कारखान्यातूनच येत असे, त्यामुळे जोडी नवी नाही. पण ती इलेक्ट्रॉनिक आहे, तिला कंट्रोलर लागतो. आणि आरटीओचं उत्तर वर आलंच आहे, तुमच्या बाबतीत ते आणखी कठीण. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

राजेंद्रनगरकर

दोन महिन्यांनी अपडेट.

पॉवरग्लाईड उघडली. गोणपाटाखाली ॲल्युमिनियमची केस स्वच्छ, आतले गिअर आरशासारखे. पण रबराची सगळी सील दगडासारखी, नखाने तुकडे पडत होते. ही तशीच लावली असती तर क्लचला दाबच मिळाला नसता आणि मी दोष इंजिनाच्या ताकदीला दिला असता. पॅनमध्ये करडा बारीक गाळ होता, तो क्लचच्या झिजेचा आणि नेहमीचा. धातूचा कीस नव्हता, हे बघून बरं वाटलं.

वरच्या गिअरच्या क्लचमध्ये चार प्लेटा निघाल्या. मावसभावाने अमेरिकेहून येताना पाच प्लेटांचा ड्रम, नवा बँड (ड्रमभोवती आवळला जाणारा पट्टा), सीलचा पूर्ण सेट आणि मॉड्युलेटर आणला. बँड जुळवताना पुस्तकाप्रमाणे केलं: ७० इंच-पौंडाला आवळायचा, मग नव्या बँडसाठी बरोबर तीन फेरे सोडायचा. जुन्याला चार. हा स्क्रू अंदाजाने फिरवणारे मिस्त्री मी पाहिलेत. आमच्या मिस्त्रींनी मात्र छोटा टॉर्क पाना खास सियागंजहून आणला आणि फेरे मोठ्याने मोजले.

आत मागच्या बाजूला एक दुसरा पंप निघाला. मिशिगनदादांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितलं की १९६६ पर्यंतच्या पॉवरग्लाईडला तो असायचा आणि त्यामुळेच बॅटरी उतरली तर गाडी ओढून सुरू करता येते. तेव्हा आई म्हणाली, एकदा आजोबांनी महूच्या रस्त्यावर जीप लावून इम्पाला अशीच सुरू केली होती. घरात ही गोष्ट आम्ही आजवर थाप समजत होतो.

कॅम बदलला. आता १७ इंच व्हॅक्यूम येतो. अश्वशक्ती तीसेकने घटली असेल. २८३ ची फ्लेक्सप्लेट ३५० च्या क्रँकला थेट बसली, कारण १९८५ पर्यंतच्या या इंजिनांचा तो मापाचा घेर एकच आणि दोन्ही आतून बॅलन्स केलेली. कन्व्हर्टरची फट चार मिलिमीटर. वडोदराताई, ती मोजताना तुमच्या बाबांची आठवण काढली.

वडोदरा_व्हिंटेज

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, आधी न्यूट्रलवर, इंजिन चालू ठेवून, ऑइल गरम झाल्यावर डिपस्टिक बघायला सांग त्यांना. बंद इंजिनावर बघितलं तर लेव्हल खोटी दिसते.

राजेंद्रनगरकर

तपासणी झाली, आरसी आली. काल पहाटे पाचला ओंकारेश्वरला निघालो. आई पुढे, काका-काकू मागे. ज्या काकांनी डिझेल टाकलं होतं तेच.

दोन चाचण्यांचे आकडे देतो, काट्याचा सेन्सर पॅनमध्ये लावलेला आहे.

पहिली चाचणी मागच्या महिन्यात, फक्त रेडिएटरच्या कूलरवर, दुपारी दोनला. मुद्दाम 'डी'वर भेरूघाट चढलो. अर्ध्या घाटात ११८. लगेच बाजूला घेतली, इंजिन न्यूट्रलला चालू ठेवलं, वीस मिनिटांत ९६ वर आली.

कालची दुसरी, बाहेरचा कूलर लावून, परतताना दुपारी साडेबाराला, बाहेर ४१ अंश. चढ 'एल'वर, ४० ते ५५ च्या दरम्यान. सर्वात जास्त ९३. सपाटीवर ८४-८६. काकांनी छापील कागदावरचं वाक्य आईला वाचून दाखवलं, 'पोटात गोळा येईल पण ऑइल वाचेल', आणि खरंच तिने सबंध घाटभर दाराचं हँडल धरून ठेवलं होतं.

स्पॅनर१२, तुमचं गणितही खरं ठरलं. १०० ला काटा २६०० च्या जवळ असतो, आणि पेट्रोल पितेच. मी ८० ला चालवतो. सिग्नलवरून उठताना टीएच३५० वाली गाडी माझ्यापुढे निघून जाईल हेही मान्य. पण एकदा ३० च्या वर गेली की हे इंजिन जो ओघ लावतं, त्यात गिअर कमी आहेत हे जाणवतच नाही. एकदाच, अगदी हलकेच, बदल होतो आणि मग नुसती ओढ.

मागच्या सीलमधून दोन-चार थेंब गळताहेत. शाफ्टवर जुन्या सीलची खाच पडलीय, तिथे पातळ स्लीव्ह बसवून घ्यावी लागेल. इंदुरात हे काम नीट करणारा कुणी माहीत असेल तर इथेच सांगा.

पीथमपूरचे काका

९३ वाचून समाधान वाटलं. स्लीव्हसाठी शनिवारी शाफ्टचं योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) काढून घेऊन या माझ्याकडे, राऊला. लेथवाला माझा जुना सहकारी आहे. आणि येताना इम्पालाच आणली असती, पण योक काढल्यावर ती येणार कशी? मीच रविवारी तुमच्याकडे येतो, बघायला.